नंबरकाकांचा दाखला

नंबरकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. त्यांची बायकोसुद्धा फोनवर "हो, नंबरकाकांच्या घरूनच बोलतेय" असं सांगते, मग बाकीच्यांची काय कथा! हे नाव त्यांना मोटारसायकलच्या कारखान्यात पडलं. एकतीस वर्षं हा माणूस एकाच बाकापाशी उभा राहून एकच काम करत होता. गाडीच्या फ्रेमला पुढे, हँडल जिथे बसतं तिथे, एक जाड नळी असते. तिला कारखान्यात मान म्हणत. त्या मानेवर नंबर ठोकायचा. उजव्या हातात आकड्याचा पोलादी ठसा, डाव्या हातात हातोडी, कारण काका डावखुरे. एका आकड्याला एकच ठोका. दुसरा मारला की आकडा दुहेरी दिसतो आणि साहेब बोलतो. सात आकडे, सात ठोके, की पुढची फ्रेम.

यात काय मोठंसं, असं कुणालाही वाटेल. काकांना तसं वाटत नसे, आणि त्यांच्यासमोर कुणी तसं बोललेलं त्यांना खपतही नसे. "इंजिन बदलता येतं, टाकी बदलता येते, चाकं बदलता येतात. गाडीचं गाडीपण त्या सात आकड्यांत असतं," असं ते जेवताना, चहा पिताना, न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यावरही सांगत. शेजारीपाजारी मान डोलवत आणि विषय बदलत.

पुढे कारखान्यात नंबर ठोकायचं मशीन आलं. काकांचं काम गेलंच असतं, पण त्याच सुमाराला मालकांना शर्यतीची गाडी काढायची हुक्की आली. लांबट टाकी, खाली वाकलेलं हँडल, मागे एकाच माणसापुरती वर उचललेली गादी. तीन वर्षांत साडेचारशे गाड्या निघाल्या असतील. एवढ्याशा मालासाठी मशीन कोण अडकवून ठेवणार? त्या सगळ्यांचे नंबर काकांनी हाताने ठोकले. नंतर कारखाना बंद पडला, काका घरी बसले, आणि पंचवीस वर्षांनी लोकांना त्या गाडीचं असं काही वेड लागलं की विचारता सोय नाही. जिच्यामुळे कारखाना बुडाला, तिच्यासाठी लोक घरं गहाण टाकू लागले.

वेड आलं तशी बनवाबनवीही आली. साध्या गाडीची फ्रेम घ्यायची, तिचा नंबर घासून काढायचा, तिथे शर्यतीच्या गाडीचा ठोकायचा आणि वरून सारा साज चढवायचा. मेकॅनिक फसले, दलाल फसले, गाड्यांवर लेख लिहिणारे फसले. मग कुणालातरी शोध लागला की ज्याने नंबर ठोकले तो माणूस अजून जिवंत आहे. झालं! काकांच्या दोन खोल्यांच्या घरापुढे दर आठवड्याला एक गाडी उभी राहू लागली.

काकांची तपासणी बघण्यासारखी असे. आधी ते गाडीकडे बघतच नसत, चहा पीत. मग भिंग घेऊन मानेशी उकिडवे बसत. डावखुऱ्या हाताचा ठोका डावीकडे जरा जास्त खोल जातो, आणि तीनच्या ठशाचं खालचं टोक झिजलेलं होतं. या दोन खुणा जगात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हत्या. पुढे आकड्यांवर पातळ कागद ठेवून वरून शिसपेन्सिल घासायची, की नंबराचा छाप कागदावर उठतो. तो छाप एका वहीत चिकटवून ठेवायचा. शेवटी लोहचुंबक फिरवायचं, म्हणजे कुठे पुट्टी भरलेली असेल तर चुंबक तिथे धरत नाही. दहातल्या सात गाड्या खोट्या निघत. काका कुणाची भीडभाड ठेवत नसत. "खोटी आहे. घेऊन जा," एवढंच म्हणत आणि आत निघून जात. काकू बिचाऱ्या बाहेर येऊन त्या रडवेल्या माणसाला पाणी देत.

लिफ्टवाला आला तो अशाच एका रविवारी सकाळी. उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, चाळिशीचा, बोटांच्या पेरांत काळं ग्रीस कायमचं मुरलेलं. बायको चार वर्षांपूर्वी आजाराने गेली, घरी आठ-नऊ वर्षांची मुलगी. हे सगळं त्याने न विचारता सांगितलं. लहानपणी त्याच्या गल्लीतून ही गाडी जायची, तेव्हापासून मनात होती म्हणे. दहा वर्षं पै पै साठवली होती. टेम्पोत गाडी होती, विकणारा शेजारी बसला होता, आणि सौदा काकांच्या शब्दावर अडला होता.

"काका, तुम्ही हो म्हणालात तर घेतो," तो म्हणाला. "नाही म्हणालात तर तसाच परत जातो. माझ्याकडे दुसऱ्यांदा एवढे पैसे जमायचे नाहीत."

काका मानेशी बसले. भिंगातून बघितलं आणि बघतच राहिले. डावीकडचा खोल ठोका, झिजलेला तीन, आणि आकड्यांमधलं अंतर असं की जणू कालच ठोकलेत. रंगही मूळचा. बऱ्याच दिवसांत एवढा सुंदर नंबर त्यांनी बघितला नव्हता. त्याआधी सलग अकरा गाड्या खोट्या निघाल्या होत्या. आपण जे केलं ते सगळं घासून, वितळवून संपलं की काय, असं त्यांना अलीकडे वाटू लागलं होतं, आणि इथे ते समोर होतं. त्यांचे डोळे भरून आले.

"माझा आहे," ते म्हणाले. "माझाच हात आहे हा!"

लिफ्टवाला तिथेच खाली वाकला आणि त्यांच्या पायाला हात लावला. काकूंनी सगळ्यांना चहा दिला. काकांनी कागदावर नंबराचा छाप घेतला आणि सुवाच्य अक्षरात दाखला लिहून दिला: ही गाडी अस्सल आहे, हिचा नंबर मी स्वतः ठोकला आहे. खाली सही, तारीख. वर फुकटचा उपदेशही केला. "हा मूळ रंग आहे बरं का. याला ओरखडासुद्धा येऊ देऊ नकोस. एकदा खरवडलास की गाडीची किंमत निम्मी." लोहचुंबक मात्र पेटीतच राहिलं. आकड्यांच्या जरा खाली नख फिरवताना रंग किंचित गुळगुळीत, किंचित जाड लागला होता. काकांच्या नखाला ते कळलं होतं, पण त्या घडीला काकांना दुसरं काही कळून घ्यायचं नव्हतं.

दीड वर्ष गेलं. मग दातांचा डॉक्टर आला. हा गृहस्थ नाकाने कांदे सोलणारा, पण कामाला पक्का. गाडी त्याच्या वडिलांनी कारखान्यातून नवी घेतली होती, पहिल्या दिवसाची पावतीसुद्धा जपलेली. विकायची नव्हती, नुसता दाखला हवा होता. मान त्याने स्वतःच साफ करून आणली होती, रंग काढून, उघड्या लोखंडापर्यंत.

"दात बघायच्या भिंगातून बघितलं मी काका," तो म्हणाला. "तुमचा तीन कुरतडलेला आहे."

"झिजलेला आहे," काका म्हणाले. "कुरतडायला उंदीर नव्हते कारखान्यात."

नंबर अस्सल होता. काकांनी छाप घेतला, वहीत चिकटवायला बसले, आणि आकडे वाचताना त्यांना वाटलं की हे आपण आधीही वाचलंय. त्यांनी मागची पानं उलटली. लिफ्टवाल्याच्या गाडीचा छाप सापडला. तेच सात आकडे. दोन्हीकडे डावा ठोका खोल, दोन्हीकडे तीन झिजलेला. दोन्ही त्यांच्याच हातचे.

एक नंबर दोनदा कधी ठोकला जायचा हे जगात फक्त त्यांना ठाऊक होतं. नंबर ठोकून झाला की फ्रेम तपासनिसाकडे जाई. तो वेल्डिंगवर लाल औषध लावून बारीक तडा आहे का ते बघे. तडा सापडला की फ्रेम बाद. बाद फ्रेमवर, नंबराच्या बरोबर खाली, छिन्नीने फुली मारायची आणि ती कापायला पाठवायची. पण तोवर ऑफिसात गाडीचे कागद टाइप होऊन गेलेले असत, आणि टाइपिस्टबाई एक ओळसुद्धा पुन्हा टाइप करायच्या नाहीत. मग नव्या फ्रेमवर तोच नंबर पुन्हा ठोकायचा. तीन वर्षांत असं दहा-बारा वेळा झालं असेल.

बाद फ्रेमचे दोन तुकडे करायचा नियम होता. नियम नियमाच्या जागी होता. बाद फ्रेमा अख्ख्याच्या अख्ख्या भंगाराच्या ट्रकमध्ये चढताना काकांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्या होत्या, एकदा नाही, तीन-चारदा. बोलले नव्हते. कापायचं खातं वेगळं, ठोकायचं वेगळं. आपण बरं, आपलं काम बरं, असा तेव्हा त्यांचा खाक्या होता.

डॉक्टरच्या गाडीला नंबराखाली काही नव्हतं, उघडं लोखंड समोर दिसत होतं. म्हणजे फुली लिफ्टवाल्याच्या गाडीवर होती, त्या गुळगुळीत रंगाखाली पुट्टीने बुजवलेली. नंबर खरा होता, तो काकांनीच ठोकला होता, आणि फ्रेम मानेपाशी तडकलेली म्हणून त्याच दिवशी बाद झाली होती. तिच्यावर एक माणूस दीड वर्षं बसत होता.

"काय झालं हो?" काकूंनी विचारलं. "चेहरा कसा झालाय तुमचा!"

"अगं, मी एका माणसाला मारून ठेवलंय," काका म्हणाले.

डॉक्टरला त्यांनी कसाबसा वाटेला लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टवाल्याचं घर गाठलं. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली आणि स्वयंपाकघर. दाखला भिंतीवर काचेच्या चौकटीत लावलेला, त्याच्याखाली मुलीचं टेबल. मुलगी शाळेचा गणवेश घालून बूट बांधत होती. लिफ्टवाल्याला एवढा आनंद झाला की त्याने खुर्ची आपल्या शर्टानेच पुसली.

"बघ बघ, कोण आलंय," तो मुलीला म्हणाला. "हेच ते काका. आपल्या गाडीचे."

काकांनी मुलीला खाली पाठवायला सांगितलं आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. तडा, फुली, भंगाराचा ट्रक, आपण चुंबक फिरवलं नाही ते. काहीही लपवलं नाही. लिफ्टवाला ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद जाऊन दुसरंच काही आलं.

"दुसरी गाडी कुणाची आहे म्हणालात?"

"दातांचा डॉक्टर आहे एक."

"पैसेवाला असेल."

"असेल. त्याचा काय संबंध?"

"काका, एका नंबराची एकच गाडी खरी असणार. त्याची खरी ठरायची तर माझी खोटी ठरायला हवी. बरोबर ना?"

काकांना कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. "अरे, तुझा नंबर खोटा नाही म्हणत मी. नंबर माझाच आहे. पण लोखंड खराब आहे रे! मान तुटली तर हँडल हातात येईल तुझ्या."

"दीड वर्षात आलं नाही ते आता येईल? रोज मुलीला शाळेत सोडतो मी तिच्यावर. मागे दुसरी गादी बसवून घेतली तिच्यासाठी."

"त्या पोरीला तरी बसवू नकोस," काका म्हणाले. "तुझ्या पाया पडतो."

"मुलीचं नाव काढू नका, काका."

"मग एक कर. नंबराखालचा रंग बोटभर खरवड. फुली नसेल तर मला जोड्याने मार."

लिफ्टवाला हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "ओरखडा येऊ देऊ नकोस, असं कोण म्हणालं होतं? खरवडली की किंमत निम्मी, असं कोण म्हणालं होतं? आता तुम्ही म्हणता खरवड. म्हणजे फुली निघाली नाही तरी माझी गाडी गेलीच की. त्या डॉक्टरला तेवढंच हवं असणार."

"मी खोटं कशाला बोलू?"

"ते मला काय माहीत? काका, मी रोज दोरावर माणसं लटकवतो. एक तार तुटलेली दिसली तर लिफ्ट बंद करतो, मग तिथला मोठा साहेब का ओरडेना. मला तडा शिकवू नका. मी माझ्या डोळ्यांनी बघितलीय ती मान, कुठे काही नाही." मग तो भिंतीकडे वळला. "हे तुम्ही लिहिलंत. तेव्हा शुद्धीत होतात ना?"

"चुकलो होतो."

"मग आज चुकत नाही कशावरून?"

आयुष्यभर ज्या शब्दाचा त्यांना गर्व होता तो शब्द समोर भिंतीवर होता, आणि त्याच्यापुढे त्यांचा आजचा शब्द कवडीमोल होता. ते जिना उतरले. खाली गाडी उभी होती. मुलगी तिच्या मागच्या गादीवर आधीच चढून बसली होती आणि पाय हलवत होती. काकांच्या खिशात चाकू होता, घरून निघतानाच ठेवलेला. ते मानेशी वाकले आणि चाकू नंबराखाली लावला. रंगाची एक साल निघाली असेल नसेल, तेवढ्यात लिफ्टवाल्याने मागून येऊन त्यांचं मनगट पकडलं. चाकू खाली पडला. मुलगी घाबरून रडायला लागली.

"वयाचा मान ठेवतोय," तो दात-ओठ खात म्हणाला. "नाहीतर तुमची काही खैर नव्हती. पुन्हा या गल्लीत दिसू नका."

त्याने मुलीला हेल्मेट घातलं, पट्टा दोनदा ओढून बघितला, गाडी चालू केली आणि निघून गेला. गाडीचा आवाज लांबपर्यंत ऐकू येत होता. काका फुटपाथवर उभे होते आणि एका म्हातारीने त्यांना चाकू उचलून दिला.

तरी काका गप्प बसले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. ते डॉक्टरकडे गेले आणि म्हणाले, तुमची गाडी घेऊन चला, दोन्ही शेजारी उभ्या करू. डॉक्टर म्हणाला, माझा काय संबंध, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मग ते वाहन नोंदणीच्या कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाने त्यांचं सगळं ऐकून घेतलं, अगदी शांतपणे, पेनाचं टोपण उघडत मिटत.

"दोन्ही गाड्यांचे कागद वेगवेगळ्या गावच्या जुन्या रजिस्टरात आहेत," तो म्हणाला. "लेखी तक्रार द्या. चौकशी होईल. पण काका, अस्सल असल्याचा दाखला कुणी दिलाय?"

"मी."

"मग पहिली नोटीस तुम्हालाच येईल."

"येऊ दे. पण गाडी कधी थांबवाल?"

"चौकशी झाल्यावर."

काकांनी तक्रार लिहिली, दाखला लिहिताना जेवढं सुवाच्य लिहिलं होतं तेवढंच. कारकुनाने शिक्का मारून पोच दिली. त्याला पाच महिने झाले. नोटीसही आली नाही आणि दुसरंही काही आलं नाही. दर सोमवारी काका जाऊन विचारतात. कारकुनाची बदली झाली. नवीन कारकुनाला ते सगळं पहिल्यापासून सांगतात, आणि तो फाईल सापडली की कळवतो म्हणतो.

गाड्या तपासणं त्यांनी सोडलं. कुणी आलं तर काकू दारातूनच सांगतात, त्यांना आता दिसत नाही. दिसतं तसं चांगलं. दिसतं म्हणूनच सकाळी साडेसातला ते घरातून निघतात. काकूंना सांगतात फिरायला जातो, आणि काकू काही विचारत नाहीत. शाळेच्या रस्त्याला वळण आहे, तिथे एका बंद दुकानाच्या पायरीवर ते बसतात. सात पन्नासला गाडी येते. तडा वाढत असेल की नाही, आज तुटेल की दहा वर्षांनी, की कधीच नाही, हे काकांना सांगता येत नाही. ते फक्त वळणावर हँडलकडे बघतात. लिफ्टवाल्याने त्यांना पाहिलंय, पण तो मान फिरवतो. मुलगी मात्र वळून बघते. पहिले काही दिवस ती नुसती बघायची, आता हात हलवते. काकाही हात वर करतात, गाडी शाळेच्या फाटकापाशी थांबलेली दिसते, मुलगी उतरते, आणि मगच ते पायरीवरून उठतात.

शनिवारी शाळा लवकर असते तेव्हा ते सहालाच येऊन बसतात. रविवारी शाळा नसते. रविवारी बाप-लेक त्या गाडीवरून कुठे जातात, किती लांब जातात, रस्ता कसा असतो, हे काकांना माहीत नाही.